चार बिया, पन्नास डॉलर आणि धुक्याचा किनारा

गांजाच्या बियांच्या एका पाकिटाला पाचपैकी तीन तारे. चौथा देणारच होते, पण पाकिटावरच्या एका वाक्यापायी हात आखडता घेतला.

आधी खुलासा करते, नाहीतर गावात बोभाटा व्हायचा. मी तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग बघते. ज्या पिकाबद्दल लिहितेय ते माझ्या रानात नाही आणि असूही शकत नाही. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. उसाच्या फडात चार झाडं सापडली की पेपरात फोटो येतोच. हे पीक माझ्या बहिणीच्या मुलाचं. तो कॅनडात, व्हँकुव्हर बेटावर सूक नावाच्या गावात राहतो. तिथे ऑक्टोबर २०१८ पासून कायद्याने परवानगी आहे. त्यांच्या प्रांतात घरटी चार झाडं लावता येतात, फक्त ती रस्त्यावरून दिसता कामा नयेत. मी ओढत नाही. मला विचारलं गेलं ते बुरशीपुरतं.

जूनअखेर सकाळी आठला फोन आला. मी बागेत होते, त्याच्याकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि लख्ख उजेड होता. ‘मावशी, पानावर हे पांढरं काय आलंय?’ मोबाईल जवळ न्यायला लावला. पीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. म्हटलं, ‘भुरी आहे रे, द्राक्षावर येते तसली बुरशी. झाड तुझं परक्याचं असेल, रोग आपल्याच भावकीतला आहे.’

तिथून मी या पिकात गुंतले. त्याने पाकिटाचा फोटो पाठवला. चार बिया, पन्नास डॉलर. म्हणजे एका बीला साडेसातशेच्या आसपास रुपये. तेवढ्यात माझ्याकडे एक माणूस दिवसभर छाटणी करून जातो. वर लिहिलेलं: इंडिकाप्रधान, बुटकं, लवकर तयार होणारं, थंड आणि दमट किनाऱ्यासाठी खास, बुरशीला दाद न देणारं. ते शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

‘इंडिका’ या गांजाच्या प्रकाराच्या नावाची एक गंमत आहे. लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये हे नाव ठेवलं ते हिंदुस्थानातून गेलेल्या नमुन्यावरून. पण आज दुकानात इंडिका म्हणून जे विकतात ते रुंद पानाचं, ठेंगणं झाड मूळचं अफगाणिस्तानाकडच्या हिंदुकुश डोंगरातलं. म्हणजे नाव आपलं आणि झाड पलीकडचं. आमच्या तास-ए-गणेश या द्राक्षाच्या वाणाला बरं आहे, नावातच गाव आणि गणपती दोन्ही आहेत.

बियांचा हिशेब असा. चारातली एक उगवलीच नाही. भाच्याने कंपनीला कळवलं, उत्तर आलं नाही. बाकी तीन एप्रिलअखेर घरात रुजवल्या आणि मे अर्धा सरल्यावर कापडी पिशव्यांत बाहेर ठेवल्या. सगळी मादीच निघाली, तेवढं पाकीट खरं बोललं. नाहीतर पपईसारखं नर ओळखून उपटत बसावं लागतं, कारण नराचा पराग लागला की तुऱ्यात बी धरतं आणि मालाची किंमत जाते. उंचीही सांगितल्याप्रमाणे कमरेएवढीच. गॅलरीत ठेवायला सोयीची.

थंडीचा मुद्दाही खरा ठरला. सूकला जुलैत रात्री पारा दहा-अकरावर येतो आणि सकाळी समुद्राकडून धुकं चढतं. आमच्या पौषातली रात्र ती त्यांच्या भर उन्हाळ्यात. तरी झाड अडलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फूल दिसलं, पुढे आठ आठवड्यांत माल तयार. तिकडे ऑक्टोबरात पाऊस लागतो, त्याच्या आत तोड झाली पाहिजे. लांब मुदतीचं वाण असतं तर पावसात सापडलं असतं. या एका गोष्टीसाठी दोन तारे.

आता बुरशी. लवकर येणाऱ्या या झाडाचा तुरा घट्ट असतो, अगदी गच्च भरलेल्या घडासारखा. आणि गच्च घडाचं काय होतं हे तासगावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आत हवा खेळत नाही, दव सुकत नाही, मधूनच कूज धरते. म्हणूनच आम्ही घडातले मणी विरळ करतो, पाऊस पडला की फवारणीचा ब्लोअर औषध न भरता, रिकामाच फिरवून पाणी झाडतो. भाच्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाकिटावर एक ओळही नाही.

मी त्याच्याकडून आतली पानं काढून घेतली, तिन्ही पिशव्यांत हातभर अंतर ठेवायला लावलं, गॅलरीच्या पारदर्शक पत्र्याखाली झाडं सरकवली आणि रोज सकाळी फांदी धरून दव झटकायला सांगितलं. ‘गंधक मारू का?’ म्हणाला. फुलावर काही मारायचं नाही, म्हटलं. द्राक्ष निदान धुऊन खातात, तू तर हे जाळून छातीत घेणार.

तरी एक झाड गेलंच. आमच्या गणपतीचा भाद्रपदातला रथोत्सव होऊन दोन आठवडे झाले होते. फोनवर तुरा बाहेरून हिरवागार दिसत होता, फक्त मधलं एक पान पिवळं पडून मान टाकलेलं. मी म्हटलं, ते पान ओढ. अलगद हातात आलं. तुरा उकलला तर आत तपकिरी भुगा आणि करडी लव. राखाडी बुरशी. खाली चांगल्या भागापर्यंत कापत गेला, पण दोन दिवसांत दुसऱ्या फांदीतही तेच, म्हणून अख्खं झाड पिशवीत बांधून बाहेर काढायला लावलं. पोराचा चेहरा पाहवेना. बुरशीला दाद न देणारं म्हणे! असं वाण द्राक्षात असतं तर मी आज औषधांच्या दुकानाची उधारी फेडत बसले नसते.

उरलेल्या दोन झाडांची तोड सप्टेंबरअखेर झाली, नेमकी माझी छाटणी आणि डोळे फुटायला काड्यांना पेस्ट लावणं चालू असताना. वाळवण्याचं मात्र मी बेदाण्यावरून सांगितलं: ऊन नको, सावली, वारा आणि सबुरी. बेदाणा शेडमध्ये जाळीवर वाळतो म्हणून त्याचा रंग हिरवा राहतो, उन्हात घातला तर काळवंडतो. त्याने अंधाऱ्या खोलीत दोरीवर उलटं टांगलं आणि हवेतलं पाणी ओढणारं यंत्र लावलं. काडी वाकत असेल तर थांब, कट् करून मोडली की उतरव. दहा दिवस लागले.

घ्यायचं का? तशा हवेत राहत असाल, तिथला कायदा परवानगी देत असेल आणि रोज सकाळी दव झटकायला वेळ असेल तर घ्या. आठ दिवस सुट्टीवर जाणाऱ्याचं हे काम नाही.

एक राहिलं. रथोत्सवाला सांगलीहून ताई, म्हणजे भाच्याची आई, आली होती, तेव्हा नेमका फोन आला. मागे गॅलरीत झाडं दिसली. ‘ही कसली रे रोपं?’ तिकडे पोरगं गप्प. मीच म्हटलं, ‘शेवंती.’ अगदीच खोटंही नव्हतं, रात्र मोठी होऊ लागली की दोघींना फूल येतं. परवा ताईचा पुन्हा फोन. ‘त्याच्या शेवंतीला फुलं आली का गं?’

‘आली,’ म्हटलं, ‘आणि कापलीसुद्धा.’