भाच्यासाठी मागवलेलं एसडीआर डोंगल

आठवीतल्या भाच्याला हॅम रेडिओची, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून रेडिओवर बोलण्याची, गोडी लागावी म्हणून दोन वर्षं मी एकच रेकॉर्ड वाजवत होतो: पूर, भूकंप, मोबाईल बंद पडले की आम्ही हॅमवालेच कामाला येतो. पोरगा मान डोलवायचा आणि परत फोनमध्ये शिरायचा. शेवटी भाषणं थांबवली आणि आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावून रेडिओ ऐकायचं यंत्र, मागवलं.

दिसायला जाडसर पेन ड्राइव्ह. मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी निघालेली चिप. आता साधारण 24 ते 1766 मेगाहर्ट्झमधलं बरंच काही ऐकवते. तक्रारी आधी सांगतो. विंडोजवर ड्रायव्हर बसवण्यात अख्खा शनिवार गेला. अर्ध्या तासात हात लावू नये इतकं तापतं. पुण्यात एफएमवाले नको तिथे डोकं वर काढतात. सोबतचं माहितीपत्रक म्हणजे निव्वळ चिटोरं.

आता गच्चीवरची गोष्ट. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून रेडिओने 145.800 मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात. ताईच्या शिवणाच्या टेपने अँटेनाच्या दोन्ही दांड्या 49-49 सेंटिमीटर केल्या आणि इंग्रजी व्ही करून ठेवल्या.

"मामा, स्थानक तर नेटवर लाइव्ह दिसतं की."

स्थानक डोक्यावरून गेलं त्या पहिल्या फेरीला माझा लॅपटॉप झोपी गेला. झाली शोभा. दीड तासाने पुढची फेरी. आधी नुसती खरखर, मग स्क्रीनवर एक बारीक रेघ उमटली आणि हळूहळू डावीकडे सरकू लागली. का सरकते, हे त्याने स्वतःहून विचारलं. स्थानक जवळ येऊन दूर जाताना लहरींची वारंवारता उतरत जाते, तो डॉप्लर परिणाम पुस्तकाबाहेर पहिल्यांदा भेटला त्याला! स्पीकरला फोन लावून धरला, आवाजाचं चित्र करणारं रोबोट36 अ‍ॅप चालू, आणि चित्र ओळीओळीने उतरायला लागलं. एका चित्राला दोन मिनिटं. इतका वेळ तो एका चित्रासाठी कधी थांबला नसेल. वरचा पट्टा मुंग्यांनी भरलेला, खालचा गायब.

"हे आपण पकडलं ना? डाउनलोड नाही ना?"

जुलै 2025 मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकावरून मुलांशी बोलले, हे त्याला ठाऊक होतं. ते हॅम रेडिओवरून, हे नव्हतं. लगेच पुढचा प्रश्न: आपण कधी बोलायचं? इथे डोंगल संपतं, त्याला फक्त कान आहेत. बोलायला परीक्षा आणि परवाना लागतो.

चार तारे. एक कापला तो ड्रायव्हरचा. परीक्षेची पुस्तिका त्याला दिली आहे, डोंगल मात्र तोच घेऊन गेलाय, अजून परत आलेलं नाही.