रानवनस्पतींसाठी काय बरं: राखीव जंगल की बीज बँक?

राखीव क्षेत्राची हद्द एकदा आखली की तिथेच राहते. हवामान मात्र सरकतं. उष्मा वाढला की झाडांना मानवणारा गारवा डोंगरावर वर वर जातो. झाडाला पाय नसतात. बी जिथवर पडेल आणि रुजेल, तेवढीच एका पिढीची वाटचाल. शिखराजवळच्या वनस्पतींना तर पुढे जागाच उरत नाही. कुंपण कुऱ्हाड अडवतं, चराई अडवतं. उन्हाळा अडवत नाही.

बीज बँकेत हा प्रश्न नाही. इंग्लंडमधल्या वेकहर्स्टच्या मिलेनियम सीड बँकेत बिया वाळवून उणे २० अंशांवर ठेवतात. कित्येक जातींच्या बिया अशा दशकानुदशकं जगतात. पण ओकचं बी वाळवलं की मरतं. ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं, आत अन्नसाठा जवळजवळ नाहीच. निसर्गात ते बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. बी जपलं, तरी ती बुरशी आणि परागीभवन करणारा कीटक कुठून आणायचा? शिवाय गोठलेलं बी बदलत नाही. जंगलात दुष्काळ सोसणारी रोपं तगतात, त्यांचंच बी पुढे जातं.

म्हणून माझा कौल राखीव जंगलाला; पण ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग हवं, शेजारच्या जंगलाशी जोडलेलं हवं. २०२२ च्या जागतिक करारात २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचं ठरलं आहे. ती जमीन कुठली निवडतात, हे फार महत्त्वाचं. माथ्यावर अडकलेल्या जातींचं बी मात्र आत्ताच गोळा करायला हवं.