तलावपाळीजवळचं आमचं वाद्यांचं दुकान
ठाण्यात आमच्या क्लासमधल्या जवळजवळ सगळ्यांची पहिली तबल्याची जोडी इथलीच. काका, दोन मुलं, आता सूनबाई पण काउंटरला, सगळं घरचंच. मी आठवीत काळी एक या सुराचा तबला घ्यायला गेलो तर काकांनी महागडा वाजवून बघितला, म्हणाले हा नको, याची शाई, म्हणजे मधला काळा गोल, लवकर सुटेल, आणि मग स्वस्तातलाच घेऊन आधी गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकले, मग गजऱ्यावर (वरच्या कडेच्या चामडी वेणीवर) हळूहळू हातोडी मारत सुरात आणून दिला, तोवर आईला चहा पण झाला. पेटीचा भाता फाटला की अजून तिथेच नेतो. फक्त रविवारी संध्याकाळी जाऊ नका, पार्किंग मिळत नाही आणि आत पोरं गिटार बडवत असतात, सूर काय कळणार डोंबल!