ओपनएसएसएलची सुरक्षा अपडेट्स : आर्वीकडच्या एका सर्व्हरवालीचा अभिप्राय

आर्वी तालुक्यात एक पतसंस्था, एक जिनिंग आणि काही दुकानं यांचे संगणक मी सांभाळते. या सगळ्यांचा ऑनलाइन व्यवहार गुप्त ठेवायचं काम सर्व्हरवर ओपनएसएसएल करतं. फुकट आहे, म्हणून त्याचा अभिप्राय कुणी लिहीत नाही.

यांची सूचना द्यायची पद्धत मला मनापासून आवडते. दोष लो, मॉडरेट, हाय की क्रिटिकल, आणि धोका नेमका कोणत्या आवृत्त्यांना, हे स्वच्छ लिहिलेलं असतं. २०२२च्या ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, त्यांनी जाहीर केलं : १ नोव्हेंबरला दुरुस्त केलेली ३.०.७ आवृत्ती येणार, दोष क्रिटिकल. दोष काय ते सांगितलं नाही, पण वेळसुद्धा दिली, आपल्याकडची संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. तेव्हा सोयाबीनचे पैसे भरायला पतसंस्थेच्या काउंटरवर रांग असते, दिवसा सर्व्हर बंद करायचं नाव काढायची सोय नाही. आठवडाभर आधी कळलं म्हणून मॅनेजर साहेबांकडून रात्रीचा वेळ मागून घेता आला. जिनिंगच्या सर्व्हरवर जुनी १.१.१ आवृत्ती होती, तिला हा धोका नव्हताच. तिथे हात लावला नाही.

दोष निघाला प्रमाणपत्रातल्या (म्हणजे समोरच्या संगणकाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यातल्या) ईमेल पत्त्याच्या तपासणीतला, आणि दर्जा उतरवून हाय केला. उगाच घाबरवलं म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला ते पटत नाही. ओपनएसएसएलमधलाच २०१४चा हार्टब्लीड नावाचा दोष आठवा. एकेका विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेर पडत होता, त्यात पासवर्ड असो की सर्व्हरची गुप्त मजकूर उलगडणारी खासगी किल्ली, आणि हा दोष दोन वर्षं तसाच पडून होता. जास्तीची सावधगिरी परवडली.

आता तक्रार. पतसंस्थेच्या सर्व्हरवरच्या उबंटू २२.०४ या लिनक्स सिस्टिमवर सगळी अपडेट्स घेतली तरी आवृत्ती विचारली की स्क्रीनवर येतं ३.०.२, १५ मार्च २०२२. उबंटूवाले दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवतात आणि पॅकेजच्या शेपटीचा आकडा वाढवतात. १ नोव्हेंबरच्या दुरुस्तीचं पॅकेज ३.०.२-०उबंटू१.७ होतं. पतसंस्थेत तपासणीला आलेल्या माणसाने नुसता पहिला आकडा बघून अहवालात लाल शेरा मारला. पॅकेजची बदलनोंद उघडून दोषाचा सीव्हीई क्रमांक (प्रत्येक जाहीर दोषाला मिळणारा ओळख क्रमांक) दाखवला, तेव्हा कुठे शेरा निघाला. खरं तर हा दोष उबंटूच्या पद्धतीचा, पण डोकं माझं दुखतं. म्हणून पाचपैकी चार तारे.

आणखी एक, जे बरेच जण विसरतात : अपडेट बसलं म्हणजे काम झालं असं नाही. आधीपासून चालू असलेला वेबसर्व्हर मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहतो. सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर रात्री सरळ रीबूट. उबंटूवर नीडरिस्टार्ट नावाचं छोटं साधन कोणती सर्व्हिस अडकली आहे ते दाखवतं.

खरी पंचाईत जिनिंगच्या वजनकाट्यावर आहे. तिथल्या विंडोज संगणकात बिलाच्या सॉफ्टवेअरने ओपनएसएसएल १.१.१ची स्वतःची प्रत फोल्डरात आणून ठेवली आहे. विंडोज अपडेट तिला शिवत नाही. १.१.१च्या फुकट दुरुस्त्या ११ सप्टेंबर २०२३ला थांबल्या, पुढच्या फक्त पैसे भरणाऱ्यांना. ३.०ची फाइल उचलून तिथे ठेवली तर चालत नाही, फाइलच्या नावापासून बदल आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेच नव्याने बांधून द्यावं लागतं. त्याला फोन केला की तो म्हणतो, पुढच्या व्हर्जनमध्ये पाहू. वार्षिक देखभालीचे पैसे मात्र वेळेवर मागतो. दिवाणजींचं म्हणणं वेगळंच : "मॅडम, काटा चालू हाय नं? मंग काहून छेडता त्याले?" शेवटी त्या संगणकाचं इंटरनेट तोडलं. बिलं आतल्या नेटवर्कवरून सर्व्हरला जातात, तेवढंच.

नवं सॉफ्टवेअर घेणार असाल तर आत ओपनएसएसएल कोणतं आहे ते विक्रेत्याला आधी विचारा. ३.०ची मुदत ७ सप्टेंबर २०२६पर्यंत, ३.५ची एप्रिल २०३०पर्यंत. आणि दुरुस्ती आली की किती दिवसांत देणार, हे कोटेशनवरच लिहून घ्या. तोंडी नको.