नॅशनल आर्काइव्ह्ज, वॉशिंग्टन डीसी : चार पानं तर बघाच, पण शेजारच्या कागदापाशी जास्त थांबा

नवऱ्याची अमेरिकन सिटिझनशिपची टेस्ट तोंडावर आलीये, फ्लॅशकार्ड घोकून घोकून घरात सगळ्यांनाच पाठ झालीत. सिनेटर किती? १००. राज्यघटनेला दुरुस्त्या किती? २७. शेवटी म्हटलं चल, एकदा ओरिजिनल राज्यघटनाच बघून येऊ, ती नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी अभिलेखागारात ठेवलीये.

एन्ट्री फ्री, मेट्रोचं स्टेशन अगदी समोर. आत रोटुंडामध्ये (हे कागद ठेवलेलं गोल दालन) उजेड एकदम मंद, जुन्या शाईला प्रकाश सोसत नाही म्हणून, आणि २०१० पासून फोटोलाही बंदी. मला तर बरंच वाटलं, सेल्फीवाले नाहीत त्यामुळे लोक खरंच वाचत उभे असतात. स्वातंत्र्याचा जाहीरनामा मात्र इतका फिका पडलाय की नुसतं दर्शन घ्यायचं आणि पुढे सरकायचं.

घटनेची चार पानं मात्र छान वाचता येतात. २००३ च्या आधी त्यातली पहिलं आणि शेवटचं एवढीच बाहेर असायची, आता चारही दिसतात. सरकारची रचना समजून घ्यायची असेल तर नुसती जागा मोजा राव! पहिलं कलम काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, ते अख्खं पहिलं पान खाऊन दुसऱ्यावर पसरलंय, मग राष्ट्राध्यक्ष, आणि कोर्टाचं त्याहून थोडक्यात उरकलंय, सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती हे त्यात लिहिलेलंच नाही, ९ हा आकडा १८६९ च्या कायद्याने आला. चौथ्या पानावर ३९ सह्या. ऱ्होड आयलंडची एकही नाही, त्यांनी माणूसच पाठवला नव्हता. पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगमध्ये एक एन गायब आहे, आणि सह्यांच्या डाव्या बाजूला कुठे काय खाडाखोड केली त्याची यादीसुद्धा दिलीये, हे बघून मला त्या लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल फार आपुलकी वाटली. जेकब शॅलस त्याचं नाव, ३० डॉलर मिळाले त्याला या कामाचे.

पण पैसा वसूल (फुकट असूनही) म्हणाल तर बिल ऑफ राइट्सचा, म्हणजे नागरिकांच्या हक्कांसाठी घटनेत केलेल्या पहिल्या दुरुस्त्यांचा कागद. सगळे म्हणतात हक्क दहा, आणि इथे मोजाल तर कलमं १२! आम्ही दोनदा मोजली. झालं असं की १७८९ मध्ये काँग्रेसने १२ पाठवली, १७९१ पर्यंत राज्यांनी त्यातली शेवटची १० मंजूर केली. म्हणजे भाषणस्वातंत्र्याची जी जगप्रसिद्ध पहिली दुरुस्ती, ती कागदावर तिसरी आहे. वरचं दुसरं कलम खासदारांच्या पगाराचं, पगार बदलला तरी मधे हाउसची (संसदेचं खालचं सभागृह) एक निवडणूक होईपर्यंत तो लागू नाही. ते तसंच पडून राहिलं, १९८२ मध्ये टेक्सासच्या एका विद्यार्थ्याने त्यावर पेपर लिहिला तर त्याला सी ग्रेड मिळाली, मग पठ्ठ्याने राज्यांना पत्रं लिहायचा सपाटा लावला आणि १९९२ मध्ये ते मंजूर होऊन २७ वी दुरुस्ती झाली. दोनशे वर्षांनी! युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये ग्रेड बदलून ए केली.

दीड-दोन तास हाताशी ठेवा, खाली १२९७ चा मॅग्ना कार्टापण (राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी इंग्लंडची जुनी सनद) आहे. लहान मुलं असतील तर रोटुंडात कंटाळतील.

आणि हो, बिल ऑफ राइट्सच्या कागदावरचं पहिलं कलम, हाउसमध्ये सदस्य किती असावेत त्याचं, अजून लटकलेलंच आहे, त्याच्या मंजुरीला मुदतच घातली नव्हती. नवरा म्हणे, मग उद्या २८ होऊ शकतात की! म्हटलं हो, पण तू टेस्टमध्ये २७ च सांग.