‘ड्रायव्हर एक्स्पायर झालाय’ असं सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा

फॅट मशीन (दुधातली स्निग्धता मोजणारं यंत्र), वजनकाटा किंवा नऊ पिनांच्या जुन्या वायरीचं दुसरं कुठलंही यंत्र ज्यांनी यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलंय, त्यांनी हे जरूर वाचावं. नुकताच विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेतला असेल तर आधी वाचावं. ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं यंत्र विंडोजला ओळखता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर. ते ‘एक्स्पायर’ झालंय असं सांगणाऱ्यांच्या नादी लागून माझे जवळपास चौदा हजार रुपये गेले. खरं दुखणं होतं एका केबलचं, आणि नवी केबल पाचशेच्या आत आली.

मी शिराळा तालुक्यात गावातलं दूध संकलन केंद्र चालवते. नमुना मशीनमध्ये धरला की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आपोआप लॅपटॉपवर येतं, काट्यावरून वजन येतं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम पडते आणि सभासदाच्या हातात पावती जाते. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, म्हणून नवा लॅपटॉप घेतला. सॉफ्टवेअर चढवलं, तीच केबल लावली, तर फॅटचा रकाना रिकामाच. मशीनच्या डिस्प्लेवर आकडा दिसतोय, लॅपटॉपवर काही नाही.

मग वहीत हाताने लिहायची वेळ आली. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना यातली अडचण कळणार नाही. फॅट एका पॉइंटने इकडची तिकडे झाली की दर बदलतो. रांगेत बाया-माणसं किटल्या घेऊन उभी असतात, प्रत्येकाला घाई असते आणि हाताने लिहिलेल्या आकड्यावर कुणाचाच पूर्ण विश्वास नसतो. दोन्ही वेळच्या संकलनात वाद झाले. ‘वहिनी, काल तर सहा-आठ लागली होती, आज सहा-चार कशी?’ असं कुणी चारचौघांत विचारलं की उत्तर द्यायला कागद लागतो, आणि माझ्याकडे छापील पावती नव्हती. अशा घाईतल्या माणसालाच ही टोळी गाठते.

दुपारी मी मोबाइलवर यूएसबी ड्रायव्हरची अडचण टाकून शोधलं. सगळ्यात वर एका ‘ड्रायव्हर हेल्पलाइन’चा टोल फ्री नंबर आला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं होतं, म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात. नावात विंडोज, चित्रात विंडोजची खिडकी. कुणालाही कंपनीचीच वाटावी अशी मांडणी.

फोन उचलणारा अगदी नम्र होता. लॅपटॉप दुरून चालवायचं एक ॲप त्याने उतरवून घ्यायला लावलं आणि स्क्रीनवर आलेला नऊ आकडी कोड मागितला. तो दिल्यावर माउसचा बाण त्याच्या हातात गेला. आधी त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ (विंडोजची नोंदवही) उघडून लाल खुणांची भली मोठी यादी दाखवली. मग काळी खिडकी उघडली, तिच्यात पांढरी अक्षरं भराभर वर सरकत राहिली, आणि थांबली तेव्हा शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलेलं होतं की यूएसबी ड्रायव्हरचं लायसन्स संपलं आहे. ‘मॅडम, देख लीजिए, आपका ही कंप्यूटर बोल रहा है,’ तो म्हणाला. नवऱ्याला दाखवायला म्हणून मी त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला. पुढे तोच कामी आला.

तीन वर्षांच्या ‘ड्रायव्हर प्लॅन’चे ४,९९९ रुपये यूपीआयने घेतले. त्यानंतर त्याने पाच मिनिटं काहीतरी केलं आणि फॅट खरोखर लॅपटॉपवर यायला लागली! संध्याकाळचं संकलन व्यवस्थित झालं. इथेच माणूस फसतो, कारण काम झालेलं डोळ्यांनी दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रकाना पुन्हा रिकामा. फोन केला तर आवाज तोच, पण सूर बदललेला. आता म्हणे माझा कॉम पोर्ट (ज्या वाटेने मशीनचा आकडा लॅपटॉपमध्ये येतो ती) ‘लॉक’ झाला होता आणि कायमचा अनलॉक करायला ८,९९९ रुपये लागणार होते. रांग दाराबाहेर गेली होती. पैसे गेले, मशीन चालू झालं आणि दुपारी लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला तर परत तेच. या वेळी त्यांनी फोनच उचलला नाही.

माझा भाचा इस्लामपूरला पॉलिटेक्निकला आहे. तो संध्याकाळच्या आत आला. त्याने स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ (जोडलेल्या यंत्रांची यादी) उघडलं, पोर्ट्सच्या खाली बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘मावशी, इथं काय लिहिलंय ते वाच.’ पिवळ्या त्रिकोणापुढे केबलच्या नावाच्या जागी मोठ्या इंग्रजी अक्षरांत मजकूर होता : ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज काँटॅक्ट युवर सप्लायर.’ म्हणजे ही चिप २०१२ पासून बंद झालेली आहे, ज्याच्याकडून घेतली त्याला विचारा. लायसन्सचा कुठे उल्लेखही नाही.

त्याने समजावलं ते असं. नऊ पिनांच्या वायरीचं बोलणं यूएसबीत आणायला केबलच्या डोक्यात एक छोटी चिप असते. माझ्या केबलमधल्या चिपची भरपूर नक्कल झाली, त्यामुळे मूळ कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये जुन्या आणि नकली चिपांना दार बंद केलं. जुना ड्रायव्हर घातला तर केबल चालते, पण विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर परत आणून बसवतं. त्या भामट्याने केलं ते एवढंच : ड्रायव्हरच्या यादीतून जुनी आवृत्ती निवडली. फुकटात होणारं काम. आणि ते टिकणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून तर दुसऱ्या फोनची वाट बघत बसला होता. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

केबल विकणाऱ्या दुकानदाराने ‘ओरिजिनल’ म्हणून दिलेली केबल अशी निघाली, ती फसवणूक वेगळीच. हे प्रकार जुने आहेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या स्कॉटलंडमधल्या चिप कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला. जगभर लोकांची चालू यंत्रं एका दिवसात मुकी झाली आणि ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. आपण बाजारातून साधी केबल घेतो तेव्हा हे भांडण आपल्या टेबलावर येऊन पडलेलं असतं, आणि ते सांगणारं कुणी नसतं.

काळ्या खिडकीचा फोटो बघून भाच्याने तिथली चलाखीही दाखवली. ‘ट्री’ नावाची एक साधी आज्ञा आहे, ती फक्त लॅपटॉपमधल्या फोल्डरांची यादी छापते. यादी सरकत असताना त्या माणसाने ते वाक्य स्वतः टाइप करून ठेवलं होतं. यादी संपली की टाइप केलेलं खाली उमटतं. फोटोत त्या वाक्याच्या आधी सी ड्राइव्हचं बाणाचं चिन्ह स्पष्ट दिसतं, आणि त्या चिन्हापुढे येतं ते माणसाने लिहिलेलं, यंत्राने दिलेलं उत्तर नव्हे. लाल खुणांची यादीसुद्धा कुठल्याही धडधाकट लॅपटॉपवर निघते. आत्ता उघडून बघा, तुमच्याकडेही असेल.

विंडोजवर यूएसबी ड्रायव्हरचं लायसन्स संपत नाही. केबलचा ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मोफत मिळतो, बहुतेक वेळा विंडोज स्वतःच आणतं. अडचण आली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणावर दोनदा क्लिक करा. तिथे कोड क्रमांक असतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. १० म्हणजे यंत्र सुरू होऊ शकत नाही. ४३ म्हणजे यंत्राने बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं, तेव्हा आधी दुसरा पोर्ट आणि दुसरी केबल लावून बघा. काल चालत होतं आणि आज अपडेटनंतर बंद पडलं असेल तर ड्रायव्हरच्या टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’चं, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणायचं बटण आहे, त्याने आजचं संकलन तरी निभावतं.

नवी केबल लावल्यावरही माझी फॅट लगेच आली नाही. घाबरू नका, नव्या केबलला विंडोज वेगळा कॉम नंबर देतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम ३ होता, केबलला मिळाला कॉम ५. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या सेटिंग्जमधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन नंबर जुळवला आणि पहिलाच नमुना लागला.

पैशांपेक्षा मोठी काळजी दुसरीच होती. दुधाचं बिल बँकेत जमा होतं, म्हणून त्या लॅपटॉपवर सगळ्या सभासदांचे खाते क्रमांक होते आणि एक परका माणूस त्यात दोनदा फिरून गेला होता. इंटरनेट तोडून ते ॲप काढलं, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, आणि संध्याकाळच्या रांगेत प्रत्येकाला सांगितलं की डेअरीच्या नावाने कुणीही फोन करून ओटीपी किंवा पिन मागितला तर देऊ नका. काहीजण रागावले, तो त्यांचा हक्क होता.

त्याच संध्याकाळी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. दुसरी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली आहे, अजून हातात आलेली नाही. पहिली तोवर निघून गेली होती. असं काही झालं तर लाजेने गप्प बसू नका आणि उद्यावर ढकलू नका, कारण पैसे तासातासाला पुढच्या खात्यात सरकतात. फोन करताना यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि तोच क्रमांक घालून बँकेला लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.