ओपनएसएसएल ३ नंतर बॅकअप पडला: मागे जायचं, जुळवून घ्यायचं की पद्धत बदलायची?

उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलात की ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ जाऊन ३.० येतं, आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली बॅकअपची स्क्रिप्ट त्याच रात्री पडू शकते. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढून जीझिप करायचा आणि ब्लोफिश या जुन्या सायफरने एन्क्रिप्ट करायचा, अशा स्क्रिप्ट जुन्या सर्व्हरवर सर्रास सापडतात. ३.० मध्ये ब्लोफिश, आरसी४, सिंगल डीईएस हे जुने सायफर ‘लेगसी प्रोव्हायडर’ या वेगळ्या मॉड्यूलमध्ये टाकलेत आणि तो आपोआप लोड होत नाही. लॉगमध्ये ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स’ आणि ‘अनसपोर्टेड’ हे शब्द एकत्र दिसले की बहुधा हेच दुखणं.

जुनी लायब्ररी परत बसवणं प्रॉडक्शनवर नकोच. १.१.१ चा मोफत सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला.

लेगसी प्रोव्हायडर चालू करणं आजची रात्र निभावायला बरं. मात्र कॉन्फिगमध्ये लेगसी चालू करताना डिफॉल्ट प्रोव्हायडरही (नेहमीच्या सायफरचं मॉड्यूल) स्पष्टपणे चालू करावा लागतो, नाहीतर एईएस हे आजचं नेहमीचं सायफरसुद्धा मिळेनासं होतं. सिस्टिमच्या मूळ फाइलला हात लावू नका. वेगळी कॉन्फिग फाइल करा आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने फक्त त्या जॉबला द्या. पण यावर कायमचं राहू नका: ब्लोफिशचा ब्लॉक ६४ बिटांचाच, त्यामुळे एकाच कीखाली ३२ जीबीच्या आसपास डेटा गेला की सुरक्षितता ढासळते. मोठे डंप तिथे सहज पोचतात.

माझा कौल पद्धत बदलण्याला. एईएस-२५६ आणि पीबीकेडीएफ२ (पासवर्डवरून की बनवायची पद्धत) घेतलं तर स्क्रिप्टमध्ये एकच ओळ बदलते, पण ओपनएसएसएलची फाइल एन्क्रिप्ट करणारी एनक (enc) कमांड जीसीएम (फेरफार पकडणारा मोड) करत नाही, म्हणजे फाइलमध्ये कुणी ढवळाढवळ केली तरी खात्रीने कळत नाही. ‘एज’ (age) हे फाइल एन्क्रिप्ट करायचं वेगळं टूल ते पकडतं, शिवाय सर्व्हरवर फक्त पब्लिक की (जिने फाइल बंद करता येते, उघडता येत नाही) ठेवता येते. ते ओपनएसएसएलवर अवलंबूनही नाही.

जुन्या फाइलींचं काय? तीन महिन्यांत पुसल्या जाणार असतील तर त्या उघडण्यापुरता लेगसी एखाद्या कंटेनरमध्ये ठेवा. वर्षानुवर्षं जपायच्या असतील तर आत्ताच नव्याने एन्क्रिप्ट करा. त्यात ओपनएसएसएल १.०.२ च्या काळातल्या फाइली असतील आणि पासवर्ड बरोबर असूनही ‘बॅड डिक्रिप्ट’ येत असेल, तर डायजेस्ट (पासवर्डवरून की काढताना वापरलेला हॅश) एमडी५ द्या. २०१६ च्या १.१.० पासून डिफॉल्ट एसएचए-२५६ झालं.

डेटाबेसशी कनेक्शनच तुटत असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या मायएसक्यूएल ५.६ ला टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करायचा प्रोटोकॉल) १.० च येत असेल आणि तुमचा क्लायंट ८.०.२८ किंवा पुढचा असेल, तर लेगसीने काही साधणार नाही, क्लायंटनेच १.० आणि १.१ काढून टाकलेत. इथे सर्व्हर अपग्रेड करणं हाच मार्ग. आणि कनेक्शनची ही चूक गुपचूप होते: स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (साखळीतली एकही कमांड पडली तर सगळं अपयशी धरणारी शेलची सेटिंग) नसेल तर डंप पडूनही जॉब यशस्वी दिसतो आणि एईएसने एन्क्रिप्ट केलेली ४८ बाइटची फाइल तयार होते. त्यामुळे पाइपफेल लावा आणि फाइलचा आकार रोज तपासा.